लाईट लागली, पार्ट कुठला बदलायचा?

कोल्हापूरच्या उद्यमनगरात काका-पुतणीचं एक गॅरेज आहे. काका कार्बोरेटरच्या जमान्यापासून या धंद्यात. पुतणी ऑटोमोबाईलचा डिप्लोमा करून, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा अनुभव घेऊन घरच्या गॅरेजात परत आलेली. डॅशबोर्डवरची ती पिवळी इंजिनची लाईट लागलेली गाडी आत आली की दोघांचं जुंपतं. ऐकणाऱ्याला वाटेल, जुना माणूस कानानं इंजिन ऐकत असेल आणि शिकलेली पोरगी स्कॅनरवर विसंबत असेल. प्रत्यक्षात उलटं आहे. स्कॅनर हातात आल्यापासून काकांचा त्याच्यावर पक्का भरवसा. शंका घेते ती पुतणी. हा वाद मला महत्त्वाचा वाटतो, कारण गावोगावच्या गॅरेजांत तो दर दिवशी गिऱ्हाइकाच्या खिशातून मिटवला जातो.

निमित्त होतं एका पेट्रोल हॅचबॅकचं. दहा-बारा वर्षं वापरलेली, बाहेरून सीएनजी किट बसवलेली. सिग्नलला थांबली की थरथरते, लाईट जात नाही. स्कॅनरवर कोड आला पी०१७१.

काका : पी०१७१ म्हणजे मिक्श्चर लीन. हवा जास्त, पेट्रोल कमी. हे ईसीएमला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, कोण सांगतं? ऑक्सिजन सेन्सर. गाडी जुनी, सेन्सर जुना. बदलायचा, कोड उडवायचा, संध्याकाळी गाडी घरी.

पुतणी : सेन्सर आधीच बदललाय, काका. दुसऱ्या एका गॅरेजात, गेल्याच महिन्यात. आठवडाभरात लाईट परत आली, म्हणून तर गाडी आपल्या दारात आहे.

काका : मग डुप्लिकेट टाकला असेल.

पुतणी : नाही. लाईव्ह डेटा लावून बघितला मी. रेस दिली की व्होल्टेज ०.८-०.९ वर जातं, अ‍ॅक्सिलरेटर झटक्यात सोडला की ०.१ वर येतं. सेन्सर ठणठणीत आहे आणि खरं तेच सांगतोय, की सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरात ऑक्सिजन जास्त आहे. भाजी खारट झाली म्हणून चव घेणाऱ्याची जीभ बदलायची का?

काका : बरं. मग मीठ कुणी टाकलं ते सांग.

पुतणी : त्यासाठी फ्युएल ट्रिम बघायची. सेन्सरनं हवा जास्त असल्याचं कळवलं की ईसीएम इंजेक्टर जरा जास्त वेळ उघडा ठेवतो. किती टक्के जास्त, तो आकडा स्कॅनरवर दिसतो. शॉर्ट टर्म आणि लाँग टर्मची बेरीज शून्याच्या आसपास, पाच-सात टक्के इकडेतिकडे असली तर काळजी नाही. या गाडीत आयडलिंगला ती अधिक २४ आहे. अडीच हजार आरपीएमवर धरून ठेवली की अधिक ५.

काका : म्हणजे रेसला बरी आणि उभ्याला बिघडलेली.

पुतणी : तिथंच उत्तर आहे. उभ्या गाडीत थ्रॉटल जवळजवळ बंद असतो. मॅनिफोल्डमध्ये जोरदार व्हॅक्यूम आणि इंजिनाला लागणारी हवा थोडी. अशा वेळी बारीकशा भोकातून खेचली गेलेली हवासुद्धा मोठा हिस्सा होते. रेस दिली की खऱ्या वाटेनं भरपूर हवा येते आणि त्या भोकाचं महत्त्व राहत नाही. पेट्रोल पंप कमजोर असता किंवा फिल्टर चोक असता, तर उलट झालं असतं; लोड वाढेल तशी ट्रिम चढली असती.

काका : आणि गॅसचं किट? या किटवाल्या गाड्यांचा अर्धा त्रास तिथलाच असतो.

पुतणी : गॅसवर टाकूनही बघितलं. आकडे तसेच. फक्त गॅसवर चढले असते तर किटचं मॅपिंग, गॅस फिल्टर नाहीतर रिड्यूसर. दोन्ही इंधनांवर तेच आलं, म्हणजे दोष दोघांच्या सामाईक भागात आहे. या गाडीत एअर फिल्टरच्या पुढं मास एअर फ्लो सेन्सर बसवलेला आहे. त्याच्या पलीकडे पाईप फुटला तर आत आलेली हवा मोजलीच जात नाही. मॅप सेन्सरवाली गाडी असती तर तिथं दाब मोजतात, त्यामुळे चित्र वेगळं दिसलं असतं. ट्रिम फारशी हलली नसती, आयडलिंग चढलं असतं.

मग तिनं थंड इंजिनावर, मॅनिफोल्डच्या सांध्यांवर आणि रबरी पाइपांवर कार्ब क्लीनरचे छोटे छोटे फवारे मारले. एका जागी मारताक्षणी इंजिनाचा आवाज बदलला आणि स्कॅनरवरची शॉर्ट टर्म ट्रिम भसकन खाली आली. मॅनिफोल्डच्या खालच्या अंगाला पीसीव्हीचा, म्हणजे क्रँककेसमधली वाफ परत इंजिनात नेणारा, होज होता. वरून धडधाकट. हात घालून वाकवला तेव्हा बाकाच्या पोटाला करंगळीच्या नखाएवढी चीर उघडली. ती वरून दिसत नाही, आरशात जेमतेम दिसते. बोटाला मात्र लगेच लागते. काकांनी बोट फिरवून बघितलं आणि मान हलवली. वाद मात्र तिथंच खरा सुरू झाला.

काका : होजचे किती?

पुतणी : दोनशेच्या आत.

काका : आणि हे सगळं बघायला?

पुतणी : तास-दीड तास.

काका : आता माझं ऐक. ऑक्सिजन सेन्सर अडीच-तीन हजारांचा. गिऱ्हाईक नवा डबा बघतं, जुना पार्ट हातात घेतं आणि बिनबोभाट पैसे मोजतं. तू दीड तास डोकं घालून दोनशेचा पाईप बदललास. आता आठशे रुपये लेबर माग. तो काय म्हणेल? पाईप बदलायला पाच मिनिटं लागली की! मी बेइमानीनं पार्ट बदलत नाही. लोक पार्टाचे पैसे देतात, डोक्याचे देत नाहीत.

पुतणी : म्हणून नको तो पार्ट घालायचा?

काका : म्हणून जो पार्ट बहुतेक वेळा लागतो तो आधी घालायचा. दहा गाड्यांत सहा-सात सुटतात.

पुतणी : आणि उरलेल्या तीन-चार? त्यांच्या मालकांनी तीन हजार कशाचे दिले? वर इलेक्ट्रिकल पार्ट दुकानदार परत घेत नाही. बसवलेला सेन्सर म्हणजे पैसे गेले ते गेलेच.

काकांचं म्हणणं मला खोटं वाटत नाही. आपल्याकडे डॉक्टरला तपासण्याची फी देताना कुणी खळखळ करत नाही. मेकॅनिकनं तपासण्याचे पैसे मागितले की कपाळावर आठी येते. गॅरेजवाल्याला अंदाजपंचे पार्ट बदलायची सवय लावण्यात गिऱ्हाइकाचाही वाटा आहे. पण किंमत शेवटी तोच मोजतो आणि ती होजच्या किमतीच्या कितीतरी पट असते, हेही तितकंच खरं.

पुतणी : तुम्हाला ती पावसाळ्यातली गाडी आठवते? फॅन सारखा फिरत होता, थंड इंजिनावरसुद्धा. कोड पी०११८, कूलंट टेंपरेचर सेन्सर. तुम्ही पोराला सेन्सर आणायला पाठवलं होतं.

काका : आणि तू त्याला गेटवरनं परत बोलावलंस.

पुतणी : स्कॅनरवर कूलंटचं तापमान उणे ४० दिसत होतं, काका. कोल्हापुरात, जुलैत. उणे ४० हे तापमान नसतंच. सर्किट उघडं पडलंय एवढाच त्याचा अर्थ. ईसीएम त्या वायरवर ५ व्होल्ट देतो. सेन्सर गरम होईल तसा त्याचा रेझिस्टन्स उतरतो आणि व्होल्टेज खाली येतं. मधे कुठंही तुटलं की ५ व्होल्ट तसेच्या तसे राहतात आणि ईसीएम त्याला कडाक्याची थंडी समजतो. आता तुटलंय ते सेन्सरच्या पोटात की वायरीत, हे कोड सांगू शकत नाही. त्याला दोन्ही सारखंच दिसतं.

काका : म्हणून तू कपलर काढून दोन्ही पिना जोडल्यास.

पुतणी : हो. वायरीचा तुकडा घेऊन. दोनच वायरी असलेल्या सेन्सरला हे चालतं, तीन वायरींच्या सेन्सरला असं कधी करायचं नाही. पिना जोडल्या की आकडा उणे ४० वरून एकदम शंभरच्या बराच वर उडायला हवा. उडाला तर वायरिंग आणि ईसीएम शाबूत, सेन्सर बदला. त्या दिवशी तो हललाच नाही. वायर शोधत गेलो, तर बॅटरीच्या ट्रेखाली उंदरानं कुरतडलेली.

काका : तेव्हापासून मी पावसाळ्यात प्रत्येकाला विचारतो, गाडी कुठं लावता. शेताकडेला लावत असला तर आधी वायरिंग बघायचं. तंबाखूची पानं ठेवून उंदीर जातो म्हणतात. मला तरी तसा अनुभव नाही.

पुतणी : हे विचारणं म्हणजे तपासणीच झाली. त्याचेच पैसे घ्या म्हणते मी.

वायरिंगवरून आठवलं. पुतणीपाशी चांगला मल्टीमीटर आहे. काकांपाशी जुना टेस्ट लॅम्प : एक बल्ब, दोन वायरी, टोकाला दाभण. इथं मात्र काकांनी तिला धडा दिला आहे. एका पेट्रोल पंपाच्या वायरीला मल्टीमीटरनं बीप दिला, म्हणजे वायर अखंड. काकांनी पंपाच्या जागी आपला बल्ब लावला, तो मिणमिणता पेटला. वायरीच्या आतल्या तारांपैकी एखाददुसरीच शिल्लक होती. बीप वाजवायला एक तार पुरते. पंप फिरवायला जो करंट लागतो तो तिच्यातून जात नाही. तेव्हापासून पुतणी लोड देऊन व्होल्टेज ड्रॉप मोजते आणि अर्थिंगला ०.२ व्होल्टच्या वर ड्रॉप आला की आधी तो बोल्ट खोलून घासते. उलट काकांना तिनं बजावलंय की एअरबॅगच्या पिवळ्या कपलरला आणि ईसीएमच्या सिग्नल वायरींना तो बल्ब लावायचा नाही.

काका : तुझं सगळं मान्य. पण प्रत्येक दोष असा समोर उभा राहत नाही. ती डिझेल गाडी घे. गगनबावड्याच्या पुढं करूळ घाटात बंद पडायची. अर्ध्या तासानं आपोआप चालू. इथं आणली की दिवसभर झकास. तू तीन वेळा वायरिंग तपासलंस, सेन्सरचा रेझिस्टन्स मोजलास, सगळं बरोबर. कोड पी०३३५. मी म्हटलं, क्रँक सेन्सर गरम झाला की मरतो आणि गार झाला की जिवंत होतो. बदलला. परत तक्रार आली?

पुतणी : नाही आली.

काका : मग तिथं तुझी परीक्षा कुठं होती?

पुतणी : तुम्ही त्याला विचारलंत, कधी बंद पडते, किती वेळानं चालू होते, बंद पडताना आरपीएमचा काटा आधी पडतो का. तो म्हणाला, गाडी पळत असतानाच काटा शून्यावर येतो. काटा क्रँक सेन्सरवर चालतो. कोड नुसता वाचून नाही बदललात तुम्ही. पण मला राग त्याचा नाही आला. राग आला तो तुम्ही गाडी आत घेतल्या घेतल्या कोड उडवलात त्याचा.

काका : उडवून बघायचा, परत येतो का. सगळेच करतात.

पुतणी : आणि त्याबरोबर फ्रीझ फ्रेम जाते. कोड पडला त्या क्षणी आरपीएम किती, कूलंट किती गरम, वेग किती, लोड किती, हे ईसीएमनं लिहून ठेवलेलं असतं. त्या गाडीत ते आकडे असते तर घाटात, गरम इंजिनावर बंद पडली हे आपल्याला त्यातच दिसलं असतं. आधी वाचायचं, फोटो काढायचा, मग काय ते उडवायचं. शिवाय उडवला की सगळे मॉनिटर, म्हणजे ईसीएमच्या स्वतःच्या तपासण्या, पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. बरेचसे दोष सलग दोन फेऱ्यांत दिसल्याशिवाय लाईट लागत नाही. पहिल्या फेरीत कोड नुसता पेंडिंग राहतो. म्हणजे तुम्ही उडवलात, गाडी आवारात दोन चकरा फिरली, लाईट नाही, म्हणून दिली, तर त्याला काहीच अर्थ नाही.

काका : सेकंडहँडवाले हेच करतात. विकायच्या आदल्या दिवशी उडवतात.

पुतणी : म्हणून जुनी गाडी घेताना नुसते कोड बघू नयेत. मॉनिटर पूर्ण झालेत का, आणि कोड उडवल्यापासून गाडी किती किलोमीटर चाललीय, ते बघावं. बहुतेक गाड्यांत स्कॅनर ते दाखवतो. किलोमीटर दहा आणि मॉनिटर अपुरे, तर विकणाऱ्याला विचारायचं, काल काय उडवलंत?

एक गोष्ट गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवी. ही लाईट स्थिर असेल आणि गाडी नीट चालत असेल तर गॅरेजपर्यंत सावकाश जाता येतं. ती लुकलुकायला लागली तर इंजिन इतकं मिस मारतंय की न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथं जळतंय. रेस सोडा, गाडी बाजूला घ्या. शंभर-दोनशे रुपयांचा प्लग किंवा एखादी कॉइल दुर्लक्षित राहिली म्हणून प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम भरलेला तो महागडा डबा वितळतो. कुठला सिलिंडर मिस मारतो हे शोधण्याच्या बाबतीत काका-पुतणीत मतभेद नाहीत. पी०३०३ आला तर तिसऱ्याची कॉइल पहिल्यावर लावायची. कोड पी०३०१ झाला तर कॉइल गेली. तिसऱ्यावरच राहिला तर प्लग, इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन. फुकटात होणारी तपासणी आहे. ही न करता चारही कॉइल बदलणाऱ्याला कुठलंही निमित्त चालू नये.

काका : मला एक सांग. कोड जर इतकं अर्धवट सांगतो तर तो बनवणाऱ्यांनी सरळ 'होज फुटला' असं का नाही लिहिलं?

पुतणी : कारण ही लाईट मुळात आपल्यासाठी लावलेलीच नाही, काका. ती धुरासाठी आहे. कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिसच्या धुरक्यानं लोक हैराण झाले होते. तिथल्या एअर रिसोर्सेस बोर्डानं १९८८ च्या मॉडेलपासून गाडीनं स्वतःच्या धुराची स्वतः तपासणी करावी अशी सक्ती केली, तेच ओबीडी. १९९६ पासून सगळ्या अमेरिकेत ओबीडी-२ आलं. तेव्हाच सगळ्या कंपन्यांना एकच १६ पिनांचा सॉकेट आणि एकसारखे कोड झाले. त्याआधी प्रत्येक कंपनीची तऱ्हा वेगळी. आपल्याकडे २०१० साली भारत स्टेज ४ बरोबर ओबीडी आलं. आधी तेरा शहरांत. आपल्या बाजूची त्यात मुंबई, पुणे, सोलापूर. २०१३ च्या एप्रिलपासून ओबीडी-२, आणि २०२० च्या एप्रिलपासून देशभर बीएस ६.

काका : म्हणजे याला इंजिनाची फिकीर नाही, धुराची आहे.

पुतणी : नियमाचं मूळ तेच. धूर मर्यादेच्या बाहेर जाईल असं काही बिघडलं की चालकाला कळलं पाहिजे. म्हणून कोडाची भाषा 'मिश्रण लीन', 'कॅटॅलिस्टची क्षमता कमी', 'ईजीआरचा प्रवाह अपुरा' अशी असते. ईसीएमला वायरीतले व्होल्ट दिसतात. फुटलेला पाईप त्याला दिसत नाही. तो म्हणतो, इथं मला जे अपेक्षित होतं ते मिळालं नाही. का मिळालं नाही, हे शोधायचं काम आपलं.

काका : कॅटॅलिस्टचा पी०४२० आला की लोक येऊन म्हणतात, डबा फोडून आतली जाळी काढून टाका.

पुतणी : ते आपण करायचं नाही.

काका : केलंय का कधी? मी फक्त सांगतोय. परवाच एकाला परत पाठवला. जाळी मेली असेल तर आधी ती कशानं मेली ते बघायला हवं. ऑईल जाळणाऱ्या इंजिनाला नवा कन्व्हर्टर घातला तर तोही जाईल.

इथं काकांचा सूर नकळत पुतणीचा झाला होता, आणि मला वाटतं तो मुळात त्यांचाच होता. पूर्वी इंजिन मिस मारलं की एकेक प्लगची वायर उपसून ते कमजोर सिलिंडर शोधत. आधी खात्री, मग पाना. स्कॅनर आला तसा धंद्याचा वेग वाढला, गाड्यांची रांग वाढली आणि पडद्यावर पार्टाचं नाव वाचता येऊ लागलं. पडद्यावर 'ऑक्सिजन सेन्सर' अशी अक्षरं दिसतात. 'सर्किट', 'लीन', 'अपुरा' हे पुढचे शब्द घाईत कुणी वाचत नाही. माझं मत स्पष्ट आहे : स्कॅनर घेऊन कोड वाचणं हे कुणालाही जमतं आणि स्वस्त ब्लूटूथ डोंगलनं गाडीमालकालाही जमतं. पैसे द्यायचे ते त्याच्या पुढच्या तासाभराच्या कामाचे.

होज बदलला. आयडलिंगला ट्रिम हळूहळू उतरत अधिक ३ वर आली, थरथर गेली. काकांनी बिलबुक ओढलं.

पुतणी : थांबा. अजून काम झालेलं नाही.

काका : ट्रिम आली की खाली.

पुतणी : मी एकदा पन्हाळ्यापर्यंत नेऊन आणते, चढाला लोड मिळेल. रात्रभर गाडी इथंच राहू दे. सकाळी थंड इंजिनावर परत बघते, पेंडिंगमध्ये काही आलंय का. न आलं तर द्यायची.

काका : पेट्रोल कुणाचं?

पुतणी : तपासणीत धरायचं. बिलावर पहिली ओळ तपासणी, आठशे. खाली आधीचे आकडे, नंतरचे आकडे. मग होज. त्याला कळू दे, त्यानं पैसे कशाचे दिले.

काका : आणि काम आपल्याकडे केलं तर तपासणी माफ, असं लिहू?

पुतणी : माफ केली की ती परत फुकट झाली. मग ती भरून काढायला तुम्ही परत सेन्सरच विकणार.

काका काही वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी पहिल्या ओळीत 'तपासणी' लिहिलं आणि पुढं तीनशेचा आकडा टाकला.

पुतणी : आठशे म्हटलं होतं मी.

काका : त्याला आधी सांगितलं होतंस? नाही ना. न सांगता लावलेले पैसे मी घेत नाही. पुढच्या गाडीला आठशे घे, पण बोनेट उघडायच्या आधी सांग, आणि नको म्हणाला तर किल्ली परत दे.